मंगळवारची सुई

पंचफुलावहिनीनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि ओट्यावर उपडी केली. हिरव्या सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी, चष्म्याचं घर, माझ्या शुगरच्या गोळ्यांचं पाकीट आणि दौलतसाठी आणलेला पेपर. तिनं पेपर उलगडून झटकला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खिसे दाखवा, भाऊजी."

मला वाटलं, चेष्टा करते आहे.

"कायले, वहिनी?"

"दाखवा म्हनलं ना."

मी खिसे बाहेर काढले. रुमाल होता, घराची किल्ली होती.

"आज नाही आनले तं," ती म्हणाली. "रोज आनता. यायनं सोताच्या तोंडानं सांगतलं मले. शालीक पेढे आनून देते म्हनून."

दौलत आतल्या दिवाणावर बसला होता. दार उघडंच होतं, त्याला सगळं ऐकू जात होतं. मी उंबऱ्यात उभा राहूनच विचारलं, "दौलत, मी तुले पेढे देल्ले?"

त्यानं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. ओठ सुकून पापुद्रे आले होते. गालफडं आत गेली होती.

"देत होता ना," तो म्हणाला. "गुजरी बजारातून आनत होता. पानात बांधून."

"कवा?"

"रोज."

"झालं?" वहिनी म्हणाली. "ऐकलं ना? आता या. अन् पुन्हा या घरी येऊ नका."

मी ओट्यावरचं सामान पिशवीत भरलं. पेपर तिथंच राहू दिला. रस्त्यानं जाताना कान तापले होते. साठी उलटलेल्या माणसाचे खिसे तपासले, तेही ज्या घरात मी बायको गेल्यापासून रोज संध्याकाळचा चहा प्यायचो त्या घरात. पण खरं लागलं ते दौलतचं बोलणं.

ही गोष्ट आता पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची आहे.

दौलत डाहुले आणि मी सावरगावच्या भूमिगत खाणीत एका पाळीत काम करायचो. मी टिंबरमन, म्हणजे छताला लाकडाचे टेकू लावणारा. तो ड्रेसर. सुरुंग उडाला की ड्रेसर पहिला आत जातो, लांब सळईनं छत वाजवून बघतो आणि सुटलेला दगड पाडतो. तो 'चला' म्हणाला की आम्ही आत जायचो, 'थांबा' म्हणाला की साहेबानं शिव्या घातल्या तरी थांबायचो. तीस वर्षं त्याच्या शब्दावर मी मान आत घातली. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि माझ्याशी बोलायचं तर काही कारणच नव्हतं.

निवृत्तीच्या आगेमागे आम्हां दोघांनाही शुगर निघाली. कॉलनीत ते नवीन नव्हतं, निम्म्या घरांत होती. गोळ्या चालू झाल्या, चहातली साखर गेली. गोळ्यांनी जळजळ व्हायची म्हणून रोज सकाळी ॲसिडिटीची कॅप्सूल, ती वर्षानुवर्षं. मग पोटऱ्यांत वांब यायला लागले. पाय असा वळायचा की माणूस ओरडायचा. दौलतला माझ्याहून जास्त त्रास होता.

त्या वर्षी कॉलनीच्या शाळेत तपासणीचं शिबिर झालं. रक्त घेतलं. चार दिवसांनी एका तरुण डॉक्टरनं सांगितलं, तुमच्यात ड जीवनसत्त्व फार कमी आहे. दौलत हसला. म्हणाला, "साहेब, आमच्या इथं उन्हानं डांबर वितळते, अन् आमच्यातच कमी?" डॉक्टर म्हणाला, "काका, तुम्ही दिवस काढले जमिनीखाली. आणि आता उन्हाच्या भीतीनं घरात बसता." त्यानं पुड्या लिहून दिल्या. आठवड्याला एक, दोन महिने, मग पुन्हा तपासणी.

शिबिर निघून गेलं. पुन्हा तपासणी कोणी केली नाही. आमचा रोजचा डॉक्टर म्हणजे बावणे. तो खरा डॉक्टर नव्हता. मोठ्या दवाखान्यात वीसेक वर्षं कंपाउंडर होता, मग कॉलनीच्या फाटकाबाहेर स्वतःचा दवाखाना टाकला. पण माणूस चांगला. कधीही हाक मारा, सायकल काढून यायचा. दौलतनं त्याला कागद दाखवला तर तो म्हणाला, "पुडी पोटात गेली का नाही, कोनाले माहीत? सुई घ्या. सरळ रक्तात जाते. ताकदीची सुई आहे, नुकसान काहीच नाही."

पहिल्या एक-दोन सुयांनी दौलतला बरं वाटलं, निदान तो तसं म्हणाला. मीही घेतल्या. मग माझी मुलगी ज्योत्स्ना बाळंतपणाला आली आणि तिला सोडायला म्हणून मी नागपूरला गेलो तो दोन महिने तिथंच राहिलो. परत आलो तर दौलतच्या सुया चालूच होत्या. दर मंगळवारी. वांब थांबत नव्हते म्हणून बावणे देत होता, आणि बावणे देत होता म्हणून दौलतला धीर होता.

पण माणूस बदलला होता. सारखं पाणी प्यायचा, सारखा उठून बाहेर जायचा. अन्नावरची वासना गेली होती. पोट साफ व्हायचं नाही. बोलता बोलता मध्येच थांबायचा आणि कशाबद्दल बोलत होतो ते विसरायचा. वहिनीनं बावणेला बोलावलं.

"तहान अन् लघवी," बावणे म्हणाला. "शुगर वाढली. दुसरं काय? गोड खाते का भाऊ?"

"घरात तं नाही," वहिनी म्हणाली.

त्यानं बोटाला सुई टोचून मशीनवर शुगर पाहिली. दीडशेच्या आसपास आली. बावणेनं मशीन हलवलं, पुन्हा पाहिलं, तेवढीच. मग म्हणाला, "आता उपाशी आहे म्हनून कमी दिसते. चोरून खानाऱ्याची खाल्ल्यावर वाढते. लक्ष ठेवा."

तिथून वहिनीनं लक्ष ठेवायला सुरुवात केली. साखरेचा डबा शेजारणीकडे नेऊन ठेवला. गुळाच्या डब्याला कुलूप लावलं. दौलतचा सदरा धुवायला टाकताना खिसे हुंगायची. आणि विचारायची. सकाळी, दुपारी, जेवताना. "खरं सांगा, काय खाल्लं? कोनं देल्लं?" तो आधी नाही म्हणायचा. मग चिडायचा. मग नुसता भिंतीकडे बघत बसायचा. मी समोर असताना हे चालायचं आणि मलाही वाटायचं, खात असेल. शुगरवाला माणूस जिभेपुढे कुठं टिकतो?

आणि एक दिवस तो हो म्हणाला. कोणी दिलं, तर त्यानं माझं नाव घेतलं.

त्यानंतर मी त्या घरी गेलो नाही. दौलत मला एकदाच भेटला. एप्रिलची दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी बँकेतून येत होतो. शाळेमागच्या सार्वजनिक नळाशी एक माणूस उकिडवा बसून नळाला तोंड लावून पीत होता. सदरा छातीपर्यंत भिजला होता. जवळ गेलो तर दौलत.

"एकटाच आला? वहिनी कुठं आहे?"

"बजारात गेली." त्यानं तोंड पुसलं आणि मला बघून हसला, जणू काही झालंच नव्हतं.

मी भांडायचं ठरवलं होतं. कितीतरी दिवस मनात वाक्यं जुळवत होतो. म्हणालो, "दौलत, खोटं काऊन बोलला माह्याबद्दल?"

"खोटं?" तो विचारात पडला. कपाळाला आठ्या घातल्या, खाणीत छताचा आवाज ऐकताना घालायचा तशा. "मले तं आठवते, बापा. पान होतं. पिवळे पेढे होते. तू द्यायचा अन् मी खायचो."

"मी नाही देल्ले कधी."

"नाही देल्ले?"

"नाही."

"मंग कोनं देल्ले, गा?" त्यानं खरंच विचारलं.

माझं सगळं भांडण तिथंच मेलं. मी त्याला हाताला धरून उठवलं. हात वाळक्या काडीसारखा हलका झाला होता. त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं. दारापर्यंत गेलो नाही, वहिनी आली असती तर पुन्हा तमाशा झाला असता. सोडताना तो म्हणाला, "पाय लय वढून येतात रे. मंगळवार कवा आहे?"

"उद्या."

"हं. मंग बरं वाटन."

मे महिन्यात तो गेला. शेवटी शुद्ध हरपली तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात नेला. तिथं सांगितलं, किडन्या निकामी झाल्या. जुनी शुगर आहे म्हटल्यावर कोणाला वेगळं काही वाटलं नाही. पुण्याहून मुलगा आला. अंत्ययात्रेत लोक हळू आवाजात म्हणत होते, जिभेनं नेला. बावणेही आला होता. कोपऱ्यात बसून तो ओक्साबोक्शी रडला.

तिरडी उचलायच्या आधी मी पाया पडायला वाकलो. वहिनी डोक्याशी बसली होती. साऱ्या बायकांपुढे तिनं मला विचारलं, "आज आनले का?"

मी पाया पडून मागं सरलो.

पावसाळा लागला. मला पुन्हा वांब यायला लागले होते, म्हणून मी बावणेकडे जाऊ लागलो. तिथं बाकावर एक-दोनदा वहिनी दिसली. गुडघे धरून बसायची. माझ्याकडे पाठ करायची. मीही दुसरीकडे बघायचो. मला आत बोलावलं की आत जायचो, सुई घ्यायचो, निघायचो.

दिवाळीनंतर माझंही बिघडलं. आधी तहान. मग पोट घट्ट. जेवणाच्या वासानं मळमळ. एकदा मोटर बंद करायला गेलो आणि बटणासमोर उभा राहून हे काय आहे ते आठवेना. शेजाऱ्यानं ज्योत्स्नाला फोन केला. ती जावयाची गाडी घेऊन आली.

नागपूरच्या वाटेवर काय झालं ते मला धड आठवत नाही, तिनं नंतर सांगितलं. तिनं विचारलं होतं, "बाबा, खरं सांगा. गोड खाता ना तुम्ही?"

मी म्हणालो, "हो."

"कोण आणून देतं?"

"दौलत देते. पानात बांधून."

ती गाडी बाजूला लावून रडत बसली होती म्हणे. दौलतकाका जाऊन सहा महिने झाले होते.

दवाखान्यातल्या डॉक्टर देशकर बाई बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. ज्योत्स्नानं त्यांना सांगितलं, बाबा गोड खातात, स्वतःच कबूल केलं. बाईंनी शुगरचा आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "या आकड्याला एवढी तहान लागत नाही. ही तहान साखरेची नाही." आणि दुसरं रक्त मागवलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी शुद्धीवर आलो. दोन्ही हातांना सुया, छताचा पंखा, बाजूला ज्योत्स्ना. बाई खुर्ची ओढून बसल्या.

"काका, ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं किती घेतली?"

"दर मंगळवारी. जवा जाईन तवा."

"किती महिने?"

मी आठवून सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग मला समजेल असं सांगू लागल्या. ड कमी होतं हे खरं. शुगरच्या माणसांत ते बरेचदा कमी सापडतं. ते थोडं थोडं, बेतानं भरून काढायचं असतं. पण ते अंगातून लवकर जात नाही, साठत राहतं. एकेक सुई काही महिन्यांची असते, आणि आम्ही ती आठवड्याला घेतली. मग रक्तात कॅल्शियम वाढतं. ते वाढलं की माणूस पाणी पाणी करतो, सारखा लघवीला जातो, पोट बांधलं जातं, ओकाऱ्या होतात, डोकं ठिकाणावर राहत नाही. किडन्या वाळत जातात.

"मग वांब?" मी विचारलं. "त्याच्यासाठीच तं घेत होतो."

"ते मॅग्नेशियमनं. तेही तुमचं खूप कमी निघालं. शुगर असली की ते लघवीतून जातं, त्यात तुम्ही ॲसिडिटीची कॅप्सूल रोज घेता, त्यानंही कमी होतं. गोळे आले की लोक कॅल्शियम तपासतात, ड तपासतात. मॅग्नेशियम कोणी पाहत नाही."

"म्हणजे सुईनं वांब थांबणारच नव्हते."

"या सुईनं नाही."

मी पंख्याकडे बघत होतो. "डोकं ठिकाणावर नसताना माणूस न केलेलं कबूल करते का, बाई?"

"तुम्हीच केलंत की."

"मग मले बरं कशानं केलं?"

"थोडी औषधं दिली. पण मुख्य म्हणजे पाणी." त्यांनी सलाईनच्या बाटलीकडे बोट दाखवलं. "आधी शरीर पाण्यानं भरलं. तुमचं नशीब की तुम्ही घरीही भरपूर पीत होतात. पाणी तोडलं असतं तर किडन्या तेव्हाच बसल्या असत्या." मग उठता उठता त्यांनी विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कोण घेत होतं ही इंजेक्शनं?"

"एक होता. वारला."

"आणि आता?"

तेव्हा मला तो बाक आठवला आणि गुडघे धरून बसलेली पंचफुलावहिनी.

ज्योत्स्ना नको म्हणत असताना मी सुट्टी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी बसनं निघालो. मोबाईलवर हे सांगता आलं नसतं. आणि वहिनीनं माझा फोन उचललाही नसता.

ती ओट्यावर लाखोळीची डाळ निवडत बसली होती. अंग निम्मं झालं होतं. लुगड्याच्या आत माणूस आहे की नाही कळू नये असं. मला बघून तिनं सुपातली डाळ बाजूला सारली.

"कायले आले?"

मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. सुया, कॅल्शियम, तहान, माझं गाडीतलं बोलणं. कागद दाखवला. तिनं तो हातात घेतला नाही.

"मंग सुटले म्हना तुम्ही," ती म्हणाली. "तुमच्यावरचा आळ गेला. हेच सांगाले आले ना?"

"आळ राहू द्या माह्यावर. तुम्ही सुया घेता. तुम्हाले ओकाऱ्या कवापासून होतात?"

ती दचकली. "कोनं सांगतलं?"

"कोनी नाही. सारखी तहान लागते ना? जेवन जात नाही?"

ती समोरच्या निंबाच्या झाडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पेढे नव्हतेच?"

"नव्हते."

"एकबी नाही?"

"एकबी नाही, वहिनी."

"मंग ते हो काऊन म्हनले?"

"मी पन म्हनलं. त्यात डोकं राहत नाही."

"ते आधी नाही म्हनत होते," ती म्हणाली. "लय दिवस नाही म्हनले. तवा तं डोकं होतं." तिनं सूप ओढून घेतलं, डाळीत बोटं फिरवू लागली. निवडत नव्हती, नुसती फिरवत होती. "मी डब्याले कुलूप लावलं. त्यायच्या समोर. पोराले फोन करून सांगतलं, तुझा बाप चोऱ्या करते. त्यायले ऐकू जाईन असं सांगतलं."

मी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला.

"अंथरूण ओलं करायचे ते. रोज. मले उचलनं होत नव्हतं. मंग मी पानी बंद केलं. बावने नाही म्हनला, माझं मीच ठरवलं. आधी सांजेपासून. मंग दिवसाबी मोजून, एक गिलास सकाळी, एक जेवताना. तांब्या वरच्या फळीवर ठेवत होती, त्यायचा हात पोचत नव्हता. मी बाहेर गेली का कुठंतरी जाऊन पिऊन येत होते, मंग मी कडी लावू लागली." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "तेवढं तं बरोबर होतं ना, भाऊजी? शुगर नव्हती, पेढे नव्हते, समदं मान्य. पन पानी कमी देल्लं ते तं बरोबर होतं?"

नळाला तोंड लावलेला दौलत माझ्या डोळ्यांसमोर होता. आणि देशकर बाईंचं बोट, त्या बाटलीकडचं.

"हो," मी म्हणालो. "ते बरोबर होतं."

तिनं मान हलवली. मग उठून आत गेली आणि लुगडं बदलून आली. "चला," म्हणाली. "कुठं जायचं ते."

त्याच संध्याकाळी ती नागपूरला दाखल झाली. कॅल्शियम माझ्याइतकं चढलेलं नव्हतं, पण चढलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी देशकर बाई फेरीला आल्या तेव्हा मी खिडकीपाशी उभा होतो. बाहेर जावं असं मनात आलं होतं, पण उशीर झाला.

"आजी, घाबरायचं नाही," बाई म्हणाल्या. "वेळेवर आलात. सलाईन चालू आहेच, पण तोंडानंही भरपूर पाणी प्यायचं. पाणी हेच तुमचं औषध आहे. जितकं प्याल तितक्या किडन्या वाचतील. समजलं?"

"समजलं," वहिनी म्हणाली.

बाई गेल्या. नर्सनं स्टीलचा जग आणि पेला ठेवला आणि तीही गेली. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा रेडिओ चालू होता. वहिनी जगाकडे बघत होती.

"खोटं बोलले तुम्ही," ती म्हणाली.

"हो."

"त्यायनंबी तेच केलं." आवाजात राग नव्हता. "मी जे ऐकाले बसली होती, ते सांगतलं मले. तुम्ही दोघायनंबी."

मी पेला भरून तिच्या हातात दिला. तिनं तो ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. त्या दिवशी तिनं तोंडानं थेंब घेतला नाही. सलाईनवरच राहिली. नर्स रागावली, ज्योत्स्ना येऊन समजावून गेली, पुण्याहून मुलाचा फोन आला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी देशकर बाईंनी मला बाहेर बोलावून विचारलं, यांना जगायचं आहे की नाही? मी त्यांना सारं सांगितलं. बाई आत गेल्या, खाटेच्या कडेला बसल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. काचेतून एवढंच दिसलं की बाई पेला धरून बसल्या होत्या आणि वहिनी एकेक घोट घेत होती, जणू कोणी जबरदस्तीनं औषध पाजतं आहे.

ती बरी झाली. पंधरा दिवसांनी कॉलनीत परतली आणि त्याच आठवड्यात तिचा आणि माझा असे दोन्ही कागद घेऊन बावणेकडे गेली. मी सोबत होतो. बावणेनं कागद वाचले. पुन्हा वाचले.  "औषधवाल्यानं सांगतलं होतं, नुकसान नाही म्हनून," तो म्हणाला. "वहिनी, आईची शपथ, मले माहीत नव्हतं."

"मले पन नव्हतं," ती म्हणाली.

त्यानं काही दिवस सुया बंद केल्या. मग लोकच मागायला लागले. ताकदीची सुई द्या, दुसरा देतो, तुम्ही का देत नाही? बावणेला नाही म्हणणं कधी जमलं नाही. मंगळवारची गर्दी पुन्हा सुरू झाली.

तेव्हापासून पंचफुलावहिनी दर मंगळवारी त्या बाकावर जाऊन बसू लागली. बावणे तिला काही म्हणू शकत नव्हता. ती भाषण करायची नाही, कोणाशी भांडायची नाही. जो येईल त्याच्या शेजारी सरकायची आणि आपलं सांगायची. कुलूप सांगायची, फोन सांगायची, फळीवरचा तांब्या आणि दाराची कडीही सांगायची. मी तिला एकदा म्हणालो, "वहिनी, एवढं समदं सांगायची काय गरज? सुई घेऊ नका, एवढं सांगतलं तरी होते."

"तेवढ्यानं कोनी ऐकत नाही," ती म्हणाली.

लोक मागे बोलायचे. नवऱ्याला पाण्याविना मारलं आणि वर सांगत फिरते. तिच्या मुलाच्या कानावर गेलं, तो येऊन भांडून गेला, पुढं दोन वर्षं आला नाही. ती बसत राहिली.

एका मंगळवारी एक तरुण बाई सासऱ्याला घेऊन आली. म्हातारा भिंतीला टेकून डोळे मिटून होता. मांडीवर रिकामी बाटली होती. बाई वैतागून सांगत होती, "शुगर आहे, आजी. पानी पिते, अंथरूण भिजवते, अन् विचारलं तं काहीच खाल्लं नाही म्हनते. किती विचारावं मानसानं?"

"नको विचारू," वहिनी म्हणाली. "मी आमच्या यायले विचारलं होतं. त्यायनं सांगतलं पन. तू त्याले विचारू नको, बाई, त्याचं रक्त तपास. अन् आधी ती बाटली भरून आन."

बाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं सासऱ्याच्या मांडीवरची बाटली उचलली आणि पाणी भरायला गेली.

वहिनी बाकावर म्हाताऱ्याच्या शेजारी सरकली.

"काय नाव तुमचं, दादा?" तिनं विचारलं.

त्यानं डोळे उघडले. "मी नाही खाल्लं, माय," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली.